पुस्तकांच्या गावाचा गुरुवार

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी हे-ऑन-वाय नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. दर गुरुवारी इथे आठवडी बाजार भरतो. किल्ल्याच्या भिंतीखालच्या चौकात सकाळीच पालं ठोकली जातात आणि भाजी, पाव, चीज, मासळी, फुलझाडांची रोपं, जुनंपानं सामान असा माल मांडला जातो. जवळच १८३३ साली बांधलेला लोणीबाजार आहे. त्याचे जाड दगडी खांब पाहून जुन्या ग्रीक देवळाची आठवण व्हावी. तिथून थोड्याच अंतरावर १८३५ चा चीजबाजार. आसपासच्या शेतांवरचं लोणी, अंडी, चीज इथे विकायला यायचं, म्हणून ही नावं.

मे महिन्याच्या अखेरीस हेच गाव ओळखू येत नाही. अकरा दिवसांच्या साहित्यमहोत्सवासाठी जगभरातून माणसं लोटतात, तिकिटांची विक्री लाखांत जाते आणि आसपासच्या पंचक्रोशीत राहायला खोली मिळत नाही. ‘पुस्तकांचं गाव’ ही त्याची जगभरची ओळख. २०१७ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ केलं, तेव्हा महाराष्ट्र सरकारपुढे उदाहरण होतं ते याच गावाचं.

या लेखाचा विषय मात्र एक नोकरी आहे. वेल्समधल्या अशा जुन्या बाजारगावात मार्केटिंग मॅनेजर म्हणून काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कारखान्याचा माल खपवणं आपल्याला कळतं. माल तयार असतो, त्याला वेष्टन घालायचं, भाव ठरवायचा, गिऱ्हाईक शोधायचं. गावाचं तसं नसतं. तिथे माणसं जन्मतात, शाळेत जातात, म्हातारी होतात. त्यांच्या राहत्या घरांचं, रस्त्यांचं, नदीचं आकर्षण जगापुढे मांडून त्यावर पोट भरायचं, आणि तरीही ते गाव त्यांचंच राहू द्यायचं, ही या कामातली खरी कसोटी. महाराष्ट्रात आज जो तो आपल्या गावाचं ‘ब्रँडिंग’ करायला निघाला आहे. म्हणून ही कसोटी नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

रेल्वे गेली आणि पुस्तकं आली

हे-ऑन-वायचा इतिहास सीमेवरच्या गावांचा असतो तसा मारामारीचा आहे. बाराव्या-तेराव्या शतकातला किल्ला कधी इंग्रज राजांनी जाळला, कधी वेल्श राजपुत्रांनी. पुढे शांतता आली आणि किल्ल्याभोवती बाजार वाढला. १८१६ मध्ये घोड्यांनी ओढायच्या डब्यांचा लोहमार्ग आला, पुढे आगगाडी आली. डोंगरातली लोकर आणि जनावरं बाहेर जायची, कोळसा आत यायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित मोडलं. शेतीत यंत्रं आली, माणसांची गरज उरली नाही, तरुण पोरं शहराकडे निघाली. ३१ डिसेंबर १९६२ ला शेवटची प्रवासी गाडी सुटली आणि गावाचं स्टेशन बंद झालं. आजही जवळचं रेल्वे स्टेशन हेरफर्डला, तीस-बत्तीस किलोमीटर दूर आहे. हे गाव ज्या पॉविस काउंटीत आहे, तिथली अशी कितीतरी गावं त्या काळात हळूहळू ओस पडली.

याच सुमारास रिचर्ड बूथ नावाचा, ऑक्सफर्डला शिकून आलेला, विशी-बाविशीतला तरुण गावात जुन्या पुस्तकांचं दुकान मांडून बसला. जागा होती जुन्या अग्निशमन केंद्राची. मोठी घराणी मोडत होती, संस्थांची वाचनालयं बंद पडत होती, अमेरिकेतल्या कॉलेजांची ग्रंथालयं विक्रीला निघत होती. बूथ ती पुस्तकं घाऊक भावात उचलायचे आणि कंटेनर भरभरून गावात आणायचे. पेट्या उतरवायला, फळ्या ठोकायला, पुस्तकं लावायला गावातलेच हात लागत. गावचं बंद पडलेलं चित्रपटगृहही त्यांनी घेतलं आणि पुस्तकांनी भरलं. त्यांचं पाहून इतरांनी दुकानं काढली. भरात असताना या चिमुकल्या गावात चाळीसेक पुस्तकांची दुकानं होती.

१ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. तांब्याच्या नळीचा राजदंड केला, पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा राजगोल म्हणून हातात धरला, आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमलं. वल्ह्याच्या होडीचं आरमार नदीत उतरलं. टीव्हीवाले आणि वृत्तपत्रवाले धावत आले. पुढे या राज्याचे पासपोर्ट आणि सरदारक्या विकल्या गेल्या. एका दिवसात गावाचं नाव जगभर झालं, आणि त्यासाठी जाहिरातीवर दमडीही खर्च झाली नाही.

मार्केटिंगच्या वर्गांत हा किस्सा आवडीने सांगितला जातो, पण त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. राज्याभिषेकाच्या बातमीने माणसं गावात आली, हे खरं. पण आल्यावर त्यांना काहीतरी मिळालं म्हणून ती परत आली. पंधरा वर्षं खपून भरलेली दुकानं तोवर तयार होती. सत्तरच्या दशकात जुन्या पुस्तकांचं जगातलं सर्वांत मोठं दुकान म्हणून बूथ यांच्या दुकानाची नोंद झाली होती. बूथ यांचा विरोधही खरा होता. बाहेरून आलेल्या मोठ्या दुकानांच्या साखळ्या, सरकारी विकास मंडळ, वेल्सचं पर्यटन मंडळ यांच्याविरुद्ध त्यांनी पत्रकं काढली. गावाचा पैसा गावात फिरला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं होतं. विक्षिप्त वागण्याआड हा पक्का व्यापारी विचार होता. २००४ मध्ये त्यांना एमबीई हा सन्मान मिळाला, ऑगस्ट २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या कल्पनेची गावं तोवर देशोदेशी उभी राहिली होती. बेल्जियममधलं रेदू १९८४ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, स्कॉटलंडमधल्या विगटाउनला १९९८ मध्ये तो दर्जा मिळाला.

पद एक, कामं दहा

आज हे-ऑन-वायमध्ये, किंवा अशा कुठल्याही वेल्श बाजारगावात, मार्केटिंगची माणसं एका छताखाली नसतात. महोत्सवाची संस्था वेगळी, किल्ल्याचा विश्वस्त निधी वेगळा, व्यापाऱ्यांची संघटना वेगळी, काउंटी कौन्सिलचा पर्यटन विभाग वेगळा, राष्ट्रीय उद्यानाचं प्राधिकरण वेगळं. शिवाय हॉटेलं आणि दुकानं आहेतच. मोठ्या संस्थेत दोन-चार जणांचा गट असतो. लहान संस्थेत एकच माणूस, तोही अनेकदा अर्धवेळ किंवा दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर. पूर्वी युरोपीय संघाचा निधी वेल्सच्या ग्रामीण भागाला मोठा आधार होता. ब्रेक्झिटनंतर तो आटला आणि २०२२ पासून ब्रिटिश सरकारचा ‘शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड’ त्या जागी आला. अशा नोकरीतल्या माणसाचा बराच वेळ पुढच्या वर्षीचा पगार कुठून येणार हे शोधण्यात आणि त्यासाठीचे अर्ज लिहिण्यात जातो.

वर्षाची आखणी ठरलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत गाव गारठलेलं असतं, काही दुकानं आठवड्यातले काही दिवसच उघडतात. कामाचे खरे महिने तेच. वर्षभराचं दिनपत्रक, नकाशे, पत्रकं, छायाचित्रं, वेबसाइट, पत्रकारांना पाठवायचा मजकूर हे सगळं तेव्हाच उरकावं लागतं. वेल्सचं पर्यटन खातं २०१६ पासून एकेका वर्षाला एकेक विषय देत आलं आहे: २०१६ साहसाचं, २०१७ आख्यायिकांचं, २०१८ समुद्राचं, २०१९ शोधाचं. त्या विषयात आपलं गाव बसवायचं, कारण राष्ट्रीय मोहिमेचा पैसा आणि प्रसिद्धी तिथेच असते. समुद्राच्या वर्षी डोंगरातल्या गावाने आपली नदी पुढे करायची. १ मार्चला संत डेव्हिडचा दिवस, मेअखेर महोत्सव, उन्हाळ्यात पायी फिरणारे लोक, नोव्हेंबरात महोत्सवाची हिवाळी आवृत्ती, मग नाताळ. सीमेवरून जाणारी २८५ किलोमीटरची ऑफाज डाइक पायवाट १९७१ पासून खुली आहे आणि ती गावातूनच जाते. पाठीवर पिशवी घेतलेला, चिखलाने भरलेल्या बुटांचा हा पाहुणा ओल्या दिवसांतही येतो, आणि चहा, जेवण, खोली या तिन्हीवर पैसे खर्च करतो. त्याच्यासाठी बूट वाळवायची सोय आहे की नाही, ही माहिती मोठ्या रंगीत जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाची ठरते.

मग भाषेचा भाग. वेल्समध्ये सरकारी संस्थांना वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना सारखाच मान द्यावा लागतो. २०११ च्या कायद्याने त्यासाठी भाषा आयुक्ताचं पदही निर्माण केलं. सरकारी पैसा घेणाऱ्या उपक्रमांनाही बहुतेक वेळा हीच अट असते. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येत असल्याचं सांगितलं. सीमेवरच्या गावांत रोजच्या व्यवहारात इंग्रजीच जास्त ऐकू येते. तरी फलक दोन्ही भाषांत हवा, त्याचं भाषांतर जाणकाराकडूनच हवं, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवायला हवा. एप्रिल २०२३ मध्ये ज्याच्या हद्दीत हे गाव येतं त्या ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानाने आपलं इंग्रजी नाव मागे ठेवून ‘बन्नाय ब्रिखेइनिओग’ हे वेल्श नाव पुढे केलं. त्यावर खूप वाद झाला. पण ज्या नावाची टिंगल व्हायची तेच नाव काही दिवसांत जगभरच्या बातम्यांत गेलं, आणि आसपासच्या प्रत्येक गावच्या मार्केटिंग मॅनेजरला नकाशापासून फलकापर्यंत सगळं पुन्हा पाहावं लागलं.

जुन्या गावाची आणखी एक अडचण म्हणजे तिथे मनाला येईल तसा फलक लावता येत नाही. किल्ला संरक्षित, बाजाराच्या इमारती संरक्षित, मधला भाग संवर्धन क्षेत्र. भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी. शहरातून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी याचा जाच होतो. पण गावाचं रूप टिकलं आहे ते याच बंधनांमुळे, आणि पाहुणा येतो तो ते रूप पाहायला.

किल्ल्याच्या पायथ्याशी एक जागा आहे, ती या कामाचं मर्म सांगते. उघड्यावर, भिंतीला लागून, पुस्तकांच्या फळ्यांच्या रांगा मांडलेल्या आहेत. विक्रेता नाही. पुस्तक घ्यायचं आणि भिंतीतल्या पेटीत पैसे टाकायचे. ‘ऑनेस्टी बुकशॉप’ म्हणतात त्याला. त्यात दुर्मीळ पुस्तक सहसा सापडत नाही. पावसाचा ओलसरपणा पानांना लागलेला असतो, जुन्या कादंबऱ्या आणि पाककृतींची पुस्तकं जास्त. पण आल्यागेल्यावर विश्वास टाकणारं गाव ही ओळख त्या पेटीने जेवढी पक्की केली तेवढी कुठल्या घोषवाक्याने केली नसेल. किल्ला २०११ मध्ये एका विश्वस्त निधीने बूथ यांच्याकडून घेतला, लॉटरीच्या वारसा निधीतून आणि देणग्यांतून दुरुस्त केला आणि २०२२ मध्ये लोकांना खुला केला. या फळ्यांवरच्या विक्रीचा पैसा त्याच्याच देखभालीला जातो.

मे महिन्याचे अकरा दिवस

साहित्यमहोत्सव १९८८ मध्ये फ्लॉरेन्स कुटुंबाने सुरू केला. पीटर फ्लॉरेन्स पुढे अनेक वर्षं त्याचे संचालक होते. २००१ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन आले आणि त्यांनी वुडस्टॉक या गाजलेल्या संगीतमहोत्सवावरून या मेळाव्याला मनाचं वुडस्टॉक म्हटलं. तेवढ्या एका शब्दप्रयोगावर महोत्सवाची पुढची कित्येक वर्षांची जाहिरात झाली. पुढे कोलंबियातलं कार्ताहेना, स्पेनमधलं सेगोव्हिया अशा शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. २०१० आणि २०११ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमलाही तो भरला होता. २००७ मध्ये हे-ऑन-वायने मालीतल्या टिंबक्टू या हस्तलिखितांच्या शहराशी नातं जोडलं. पुस्तकांच्या एका गावाने पुस्तकांच्या दुसऱ्या गावाला मित्र म्हणावं, यापेक्षा चांगली प्रसिद्धी विकत मिळत नाही.

पण यशाबरोबर एक पेच आला. गर्दी मावेना म्हणून २००५ मध्ये महोत्सवाचे तंबू गावाबाहेरच्या कुरणात गेले. मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट असतं ते एकेका कार्यक्रमाचं. पण माणूस गाडी लावून थेट तंबूत गेला, तिथेच जेवला, तिथेच नवीन पुस्तकं घेऊन घरी गेला, तर गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराच्या हाती काय आलं? स्वतः बूथही महोत्सवाकडे संशयानेच पाहत. त्यांचा जीव जुन्या पुस्तकांत होता आणि महोत्सव नव्या पुस्तकांच्या खपावर चालतो. २००९ मध्ये तर काही पुस्तकविक्रेत्यांनी ‘राजा’च्या पुतळ्याचा भर गावात शिरच्छेद करून गाव प्रजासत्ताक झाल्याचं जाहीर केलं. त्याचीही बातमी झाली. पण त्यामागे दुकानदारांची धंद्याची काळजी होती. इंटरनेटवर जुनी पुस्तकं घरबसल्या मिळू लागल्यावर गावातली दुकानं घटत गेली. आता ती वीसेक उरली आहेत.

या पेचाला उत्तर शोधणं हेच मार्केटिंगचं काम. मैदान आणि गाव यांच्यामध्ये बस फिरते. दुकानांचे नकाशे महोत्सवाच्या पाहुण्यांच्या हाती दिले जातात. आणि एक उत्तर लोकांनी स्वतःच शोधलं. गावातून मैदानाकडे जाणारा ब्रेकन रोड पायी थोड्या वेळाचा आहे. महोत्सवाच्या दिवसांत रस्त्याकडेच्या घरांतली माणसं आपापल्या अंगणात टेबलं मांडतात. कुणी घरचे केक विकतो, कुणी सरबत, कुणी माळ्यावरचं जुनं सामान. ज्याला शेत आहे तो गाड्या लावायला जागा देतो. त्या रस्त्याने चालत जाणाऱ्याला गाव भेटतं. पाहुण्याला गाडीतून उतरवून त्या रस्त्याने पायी चालायला लावणं हे माझ्या मते या गावातलं मार्केटिंगचं सर्वांत मोठं काम आहे. पैसा त्यानेच घरोघरी पोचतो.

डोंगरापलीकडची दोन गावं

हे-ऑन-वायहून दक्षिणेला निघालं की गॉस्पेल पास लागतो. ५४९ मीटर उंचीचा हा घाट वेल्समधला सर्वांत उंच घाटरस्ता मानला जातो. तो ओलांडून गेलं की अ‍ॅबरगवेनी येतं. हेही जुनं बाजारगाव, पण मोठं. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये गुरांच्या बीएसई रोगाने हाहाकार केला. १९९६ मध्ये युरोपने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. लोकांचा आपल्या ताटातल्या अन्नावरचा विश्वासच उडाला. तेव्हा इथल्या दोन शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन १९९९ मध्ये खाद्यमहोत्सव सुरू केला. पिकवणाऱ्याने खाणाऱ्यासमोर उभं राहून सांगायचं की हे मी असं पिकवलं. आज दर सप्टेंबरात होणारा हा महोत्सव ब्रिटनमधल्या नामांकित खाद्यमेळ्यांत गणला जातो. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळवून देणं हा त्याचा मूळ हेतू. म्हणूनच तो टिकला.

पण याच गावाने आपला गुरांचा बाजार गमावला. तिथे जनावरांचा बाजार भरलाच पाहिजे अशी तरतूद १८५४ च्या एका कायद्यात होती. ती २०१२ मध्ये रद्द करण्यात आली. बाजार वाचवायला लोकांनी मोठी चळवळ केली, तरी डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा लिलाव झाला. बाजार रॅगलनजीक हलवला गेला आणि जुन्या जागेवर पुढे सुपरमार्केट उभं राहिलं. मंगळवारचा बाजार अजून भरतो, जुन्या बाजारगृहाचा मनोरा अजून दिमाखात उभा आहे. पण मेंढ्या घेऊन येणारा, लिलाव आटोपल्यावर खानावळीत जेवणारा, बायकोने दिलेली यादी खिशातून काढून दुकानांत फिरणारा शेतकरी आता दुसरीकडे जातो. तो पाहुणा नव्हता, तो गावाचं वर्षभराचं गिऱ्हाईक होता. कितीही मोठा महोत्सव भरवला तरी बावन्न मंगळवारांची भरपाई दोन दिवसांत होत नाही.

तिथून थोड्याच मैलांवर क्रिकहॉवेल आहे. याने वेगळी वाट धरली. गावातली जवळजवळ सगळी दुकानं स्थानिक माणसांची: खाटीक, भट्टी, पुस्तकं, लोखंडी सामान. जुनं कॉर्न एक्स्चेंज हे मद्यालय सुपरमार्केटच्या घशात जाणार असं दिसताच लोकांनी समभाग घेऊन ती इमारतच विकत घेतली आणि तिथे छोटी दुकानं आणि घरं केली. २०१५ मध्ये इथल्या दुकानदारांनी ठरवलं की बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या कर चुकवायला जी कायदेशीर पळवाट वापरतात तीच आपणही वापरून दाखवायची. बीबीसीने त्यावर माहितीपट केला. आम्ही कर भरतो, तुम्हीही भरा, हा त्यांचा सरळ सवाल होता. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वोत्कृष्ट बाजारपेठेचा मान क्रिकहॉवेलला मिळाला. या गावाला वेगळं घोषवाक्य लागलंच नाही. दुकानांचे मालक गावातच राहतात, हीच त्याची ओळख.

जाहिरातीत न बसणाऱ्या गोष्टी

गावाची जाहिरात करणाऱ्यावर एक नैतिक जबाबदारी येते. वाय ही ब्रिटनमधल्या देखण्या नद्यांपैकी एक. पण तिच्या खोऱ्यात गेल्या काही दशकांत कोंबड्यांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. त्यांच्या खतातला फॉस्फेट पाण्यात उतरतो, शेवाळ माजतं, पाण्यातली वनस्पती आणि सॅमन मासे मरतात. २०२३ मध्ये इंग्लंडच्या निसर्गसंस्थेने नदीची स्थिती बिघडत चालल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. नदीचा निळा फोटो छापून पाहुण्याला बोलावायचं आणि हे सांगायचं नाही, हे कसं चालेल? गावातली माणसं पाण्याचे नमुने घेतात, मोर्चे काढतात. त्यांचं म्हणणं आपल्या पत्रकातून सांगणारा मार्केटिंग मॅनेजर त्यांचा होतो. लपवणारा कायमचा उपरा राहतो.

घरांचंही तेच. गाव प्रसिद्ध झालं की बाहेरचे लोक घरं घेतात, काही ती पाहुण्यांना भाड्याने देतात, काही वर्षातून चार आठवडे वापरतात. भाडी चढतात आणि दुकानात काम करणाऱ्या पोराला गावात खोली परवडत नाही. वेल्स सरकारने २०२३ पासून याला काही वेसण घातली. दुसऱ्या घरांवर नेहमीच्या घरपट्टीशिवाय ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा कौन्सिलांना मिळाली. सुट्टीसाठी भाड्याने दिलेलं घर व्यवसाय म्हणून गणलं जायला वर्षात किमान १८२ रात्री भाड्याने गेलं पाहिजे असा नियम आला. आता मुक्कामी पाहुण्यांकडून रात्रीमागे छोटा कर घेण्याचा कायदाही झाला आहे. हॉटेलवाले यावर नाराज आहेत, त्यांच्याही अडचणी खऱ्या आहेत. पण ज्या गावाला पाहुण्यांची झळ सोसायची आहे, त्याच्या रस्त्यांसाठी आणि स्वच्छतागृहांसाठी पाहुण्याने चार पैसे दिले तर त्यात अन्याय नाही.

आणि वाचनालय. जगभरात पुस्तकांचं गाव म्हणून गाजलेल्या या गावातलं सार्वजनिक वाचनालय सरकारी काटकसरीच्या काळात बंद पडायची वेळ आली होती. ते वाचवायला गावकऱ्यांनी समिती काढली, पैसे उभे केले, कौन्सिलशी भांडण मांडलं. त्याच सुमारास शाळेच्या जागेवर मोठं सुपरमार्केट आणायची योजना आली होती, तीही लोकांनी हाणून पाडली. गावाच्या ओळखीचं रक्षण अखेर या माणसांनी केलं. त्यांच्याशिवाय मार्केटिंग मॅनेजरकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

भिलार आणि आपण

४ मे २०१७ रोजी पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये वसलेलं भिलार पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरीसाठी आधीच माहीत असलेलं हे गाव. तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांची ही कल्पना होती, राज्य मराठी विकास संस्थेने ती राबवली. घरं, शाळा, देवळं अशा पंचवीस ठिकाणी मिळून सुरुवातीला पंधरा हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं ठेवली गेली, भिंतींवर चित्रं रंगवली गेली. कुणीही यावं, घरात बसावं, फुकट वाचावं. परक्या माणसाला आपल्या घरात बसवून पुस्तक देणं, ही भिलारकरांची माया मोठी आहे, आणि ती हे-ऑन-वायमध्ये नाही. पुढे राज्याच्या इतर भागांतही अशी गावं करायचं सरकारने ठरवलं. कल्पना चांगली आहे, तिचं मी मनापासून स्वागत करतो.

पण मूळ गावाकडून घ्यायचा धडा आपण अर्धाच घेतला आहे. हे-ऑन-वायमध्ये पुस्तक हा पोटापाण्याचा धंदा आहे. पुस्तक विकलं गेलं की दुकानदाराला, त्याच्याकडच्या नोकराला, पेट्या वाहणाऱ्याला, चहावाल्याला पैसा मिळतो, म्हणून गाव साठ वर्षं पुस्तकांना धरून आहे. अनुदानावर उभी असलेली कल्पना अनुदान थांबलं की खाली बसते. भिलारमध्ये वाचायला मिळणारं पुस्तक तिथेच विकतही मिळालं पाहिजे. मराठी प्रकाशकांनी आपल्या जुन्या आवृत्त्या, पडून राहिलेल्या प्रती, संग्राहकांची पुस्तकं तिथे आणावीत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांचा धंदा करणाऱ्या माणसांना तिथे कमी भाड्यात गाळे द्यावेत. जो घरमालक आपली खोली वाचकांसाठी उघडी ठेवतो, त्याला त्या विक्रीतून वाटा मिळावा.

आणि एक माणूस नेमावा. गावातलाच, शिकलेला, पूर्ण पगारावर, निदान पाच वर्षांसाठी. त्याच्याकडे पुस्तकांची, पाहुण्यांची, दुकानांची, महोत्सवाची, स्ट्रॉबेरीच्या हंगामाची सगळी आखणी द्यावी. त्याच्या कामाचा हिशेब पर्यटकांच्या आकड्यांवर घेऊ नये. गावातल्या किती घरांचं उत्पन्न वाढलं, किती तरुण मुलं गावातच राहिली, बाहेरच्या माणसांनी किती जमीन घेतली, पाणी आणि कचरा यांचं काय झालं, हे दरवर्षी ग्रामसभेत त्याने मांडावं. वेल्समधली ही गावं साठ वर्षं धडपडून, काही गमावून आणि काही वाचवून जे शिकली, ते आपल्याला आयतं मिळतं आहे.

भिलारला जाणाऱ्या वाचकांना एकच विनंती: तिथे एक रात्र तरी राहा, गावात जेवा, आणि पुस्तक विकत मिळत असेल तर ते विकत घेऊन या.